दादाची दारू आणि माझे शहाणपण

सीनेच्या काठी आमचे गाव. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तीत सरकी, पेंड आणि बियाण्याची पोती असत. १९९८ सालच्या मार्गशीर्षात त्या खोलीत माझा थोरला भाऊ गेला. तो दारूने गेला असे गाव म्हणते. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. आज खरे काय ते सांगायचे आहे. ज्या चुकीने तो गेला ती चूक आजही घरोघरी होते, आणि ती करणारी माणसे वाईट नसतात. मायेचीच असतात.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा बी.एस्सी. पंचायत समितीत विस्तार अधिकारी. त्या वेळी नोकरीला चार-पाच वर्षे झाली होती. हरभऱ्यावर घाटेअळी आली, डाळिंबाला तेल्या पडला, की लोक विचारायला येत. शिकलेला म्हणून घरात इतर बाबतीतही माझाच शब्द चाले. ज्याला पिकाचे कळते त्याला माणसाचेही कळत असणार, असा आपल्याकडे समज असतो. मलाही तसेच वाटू लागले होते.

दादा शिकला नाही, पण शेतकरी असा की त्याच्या तिफणीचे तास पाहायला माणसे बांधावर थांबत. विहिरीचे काम काढले त्या साली अंग दुखते म्हणून संध्याकाळी थोडी घेऊ लागला. मग ती रोजची झाली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत सकाळी उठल्या उठल्या लागायची. न घेता चहाचा कप हातात धरला तर बशीत चहा सांडायचा. पोटात पावशेर गेली की तोच हात स्थिर. आम्ही हसायचो. म्हणायचो, "ह्याला दारूनंच बळ येतंय."

सोडायचा प्रयत्न त्याने केला नाही असे नाही. एका आषाढीला पंढरपुरात माळ घातली. नऊ दिवस पाळली आणि दहाव्या दिवशी माळ खुंटीला अडकवून गुत्त्यावर गेला. आई म्हणाली, "इठ्ठलाला फसवलंस, तिथं आमची काय कथा." त्या दिवसापासून त्याच्या शब्दाला घरात किंमत उरली नाही.

शेवटी त्याने वहिनींच्या पाटल्या गहाण टाकल्या. वहिनी माहेरी जायला निघाल्या. तेव्हा मी तोडगा काढला. म्हटले, "बैलाला उसाची चटक लागली तर आपण दावणीला बांधतोच ना? तीन दिवस कोंडून घाला. थेंब द्यायचा नाही. चौथ्या दिवशी आपोआप ताळ्यावर येईल." सगळ्यांना पटले. कुलूप मीच लावले.

पहिल्या रात्री तो घामाने भिजला, थरथरला, ओकला. दाराशी येऊन आर्जवे करू लागला. मी म्हणालो, सोंग करतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आकडी आली. आम्ही कांदा हुंगवला. शेजारचे म्हणाले, बाहेरची बाधा आहे. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. वारलेल्या वडिलांशी बोलू लागला. अंधारात बैलांना नावाने हाका मारू लागला. अंग तव्यासारखे तापले. तेव्हा कुठे मी जीप आणायला धावलो. जीप दारात आली तेव्हा तांबडे फुटले होते आणि घरात रडारड सुरू झाली होती.

यानंतर एकवीस वर्षे मी हेच म्हणत राहिलो की दारूने त्याचे काळीज आधीच पोखरले होते.

२०१९ साली दादाचा मुलगा, माझा पुतण्या, त्याच वाटेला लागलेला दिसला. आठ वर्षांचा असताना ज्याने बापाचे ते तीन दिवस दाराच्या फटीतून पाहिले, तोच. एकोणतिशीतच सकाळी त्याचे हात थरथरू लागले. या वेळी वहिनींनी कोणाचे ऐकले नाही. त्याला घेऊन आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली? तुम्ही एकदम बंद तर केली नाही ना?"

मी विचारले, "बंद केली तर बरेच नाही का?"

ते म्हणाले, "रोज सकाळपासून पिणाऱ्याची एकाएकी तोडली तर माणूस दगावू शकतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. मी मात्र त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

ते का होते हे मी डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून समजून घेतले. राहुरीत जीवरसायनाचा पेपर मीही दिला होता, पण ते ज्ञान उसापुरते राहिले होते. तुमच्या-माझ्या भाषेत सांगतो.

शाळेच्या पुस्तकात मुलांनी 'विकर' हा शब्द वाचलेला असेल. डॉक्टर त्यालाच एन्झाइम म्हणतात. तोडलेला ऊस फडात चार दिवस पडला तर उतारा घटतो. ती साखर कोणी चोरत नाही. उसातले एक विकर तिला फोडून टाकते. नाचणीला मोड आले की ती गोडसर लागते, वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हीही विकरांचीच कामे. विकर म्हणजे देहातला कारागीर. स्वतः न संपता एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देतो. आपल्या यकृतात आणि मेंदूत असे असंख्य कारागीर रात्रंदिवस राबत असतात.

मेंदूचा गाडा दोन बैलांवर चालतो असे समजा. एक गरीब, दुसरा हूड. गरीब बैल म्हणजे गाबा नावाचा पदार्थ. तो मेंदूला शांत करतो, झोप आणतो. हूड बैल म्हणजे ग्लुटामेट. तो मेंदूला जागे ठेवतो, पळवतो. गंमत अशी की हे दोन्ही एकाच दावणीचे. मेंदूतले एक विकर ग्लुटामेटपासूनच गाबा तयार करते. दोघांचा मेळ असला की गाडा सरळ चालतो.

दारू पोटात गेली की ती गरीब बैलाला जोर देते आणि हूड बैलाला दाबून धरते. म्हणून पिणाऱ्याला आधी निवांत वाटते, मग जीभ अडखळते, पाय लटपटतात. कधीमधीची गोष्ट असेल तर एवढ्यावर भागते. पण वर्षानुवर्षे रोज तेच झाले तर मेंदू आपली तजवीज करतो. गरीब बैलाला दारूचा टेकू आहेच, म्हणून मेंदू त्याचे ऐकणे कमी करतो. हूड बैल सारखा दबलेला, म्हणून त्याची ताकद वाढवतो. आता गाडा सरळ चालायलाच दारू लागते. दादाचा हात पावशेर घेतल्यावर स्थिर व्हायचा तो याच कारणाने. ते बळ नव्हते. दारूवाचून मेंदूचा तोल राहत नव्हता, आणि आम्ही त्याला हसत होतो.

अशा माणसाची दारू एकदम तोडली की काय होईल? गरीब बैल खाली बसतो आणि हूड बैल मोकाट सुटतो. पहिल्या सहा ते बारा तासांत घाम, थरथर, उलट्या, धडधड. दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, नाही ते दिसणे आणि ऐकणे. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. यात माणूस मरू शकतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात. मी हे वाचले तेव्हा बोटे मोजली. पहिली रात्र, दुसऱ्या दिवसाची दुपार, तिसरी रात्र. दादाचे सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाले होते. ते सोंगही नव्हते आणि बाधाही नव्हती.

मग त्याच्या माळेचे काय? मनाचा निश्चय का टिकला नाही?

आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग हा कासऱ्यासारखा. "नको, पुरे" असे सांगून तो इच्छेला आवर घालतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात मार्कुस हायलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदरांवरचे एक संशोधन प्रसिद्ध केले. दारूची सवय लागलेल्या उंदरांच्या नेमक्या याच भागात पीआरडीएम-२ नावाचे एक विकर कमी झालेले त्यांना आढळले. मज्जापेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी जनुके लागतात, त्यांतल्या कित्येकांवर या विकराची देखरेख असते. पुढे त्यांनी सवय नसलेल्या उंदरांत हे विकर मुद्दाम कमी केले. तर तेही ताबा सुटल्यासारखे पिऊ लागले. ही गोष्ट उंदरांची आहे, माणसासाठी त्यावरून अजून औषध निघालेले नाही. पण एवढे उघड झाले की दारू ज्या कासऱ्याने आवरायची, तो कासराच ती कुरतडते. दादाने विठ्ठलाला फसवले नव्हते. माळ घातली तेव्हा तो मनापासूनच घालत होता. खेचायला हातात कासरा उरला नव्हता.

आणखी एक आठवण टोचते. शेवटच्या वर्षी दादाने एक कालवड विकली आणि विकलीच नाही म्हणून बसला. कुठे गेलास विचारले तर कधी न गेलेल्या बाजाराची हकीकत सांगायचा. आम्ही त्याला लबाड ठरवले. आता कळते की जेवण सोडून दारूवर राहणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व उरत नाही. मेंदूत साखर जाळून शक्ती देणारी जी विकरे आहेत, त्यांना कामाला हे जीवनसत्त्व लागतेच. ते नसले की स्मृतीचा भाग सुकू लागतो, चाल फेंगडते, नजर हलते आणि स्मृतीतल्या मोकळ्या जागा माणूस नकळत गोष्टी रचून भरतो. वर्निके आणि कोर्साकॉफ या दोन वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराची वर्णने लिहून ठेवली आहेत. म्हणून अशा रोग्याला डॉक्टर आधी थायमिनचे इंजेक्शन देतात. वेळेवर दिले तर पुष्कळ वाचते.

आता पुतण्याकडे वळतो. गाव म्हणाले, "खाण तशी माती." यात थोडे खरे आहे. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास करून १९७३ साली तो प्रसिद्ध केला. जन्मदाता दारूच्या आहारी गेलेला असेल, तर परक्या घरी वाढूनही त्या मुलग्यांत हे व्यसन इतरांच्या सुमारे चौपट आढळले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून हा कल साधारण निम्मा रक्तातून येतो असे दिसते. उरलेला निम्मा घर, संगत आणि परिस्थितीचा. तुम्ही-आम्ही शेतकरी. बियाण्यात रोगाचा अंश असला तरी पीक जाईलच असे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ज्याच्या घरात बाप-आजा दारूने गेला, त्याने पहिल्या घोटालाच जपावे. इतरांना सोसते म्हणून त्याला सोसेलच असे नाही.

पुतण्याला दवाखान्यात ठेवले. मेंदू शांत करणारी औषधे आधी भरपूर आणि मग रोज थोडी थोडी कमी करत, आठवडाभर दिली. म्हणजे हूड बैलाला एकदम न सोडता हळूहळू चालवत गोठ्यात आणले. थायमिन दिले. त्याचा हातही थरथरला, घामही आला, पण आकडी आली नाही. वहिनी सातही रात्री खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या. तिसऱ्या रात्री त्या मला म्हणाल्या, "भावजी, आज बैलांना हाका मारत नाही हा." मला बाहेर व्हरांड्यात जावे लागले.

पुढच्या काळासाठी डॉक्टरांनी डायसल्फिराम नावाची गोळी दिली. तिचे नाव वाचताना मला आपले थायरम आठवले. भुईमुगाच्या बियाण्याला किलोमागे तीन ग्रॅम चोळायचो, तेच. रसायनाच्या घराण्यात ही दोघे सख्खी चुलत भावंडे. फार पूर्वी एका प्रात्यक्षिकानंतर थायरमचे हात न धुताच एक गडी गुत्त्यावर गेला होता. दोन घोटांत त्याचे तोंड लालबुंद झाले, छाती धडधडू लागली. लोक म्हणाले, देवी कोपली. देवीचा त्यात संबंध नव्हता. यकृतातले एक विकर दारूचे आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचे विष बनवते आणि दुसरे विकर लगेच त्याचे निरुपद्रवी अॅसिटेट करून टाकते. थायरम काय, डायसल्फिराम काय, हे दुसऱ्या कारागिराचेच हात बांधतात. मग विष अंगात साचते. डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसन हे जंतावर औषध म्हणून डायसल्फिराम स्वतःवर तपासत होते. त्यांना मद्य घेतल्यावर हाच अनुभव आला आणि १९४८ मध्ये त्यांनी दारू सोडवण्यासाठी ते पुढे आणले. जपान, चीन, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यांना दारू सोसत नाही, म्हणून त्यांच्यात व्यसनही कमी लागते.

इथे हात जोडून सांगतो. ही गोळी रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. 'न सांगता जेवणातून द्या' म्हणून पुड्या विकणारे बाजारात फिरतात. त्यात काय असते ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्याला आपण काही दिले हे माहीत नाही, तो त्यावर दारू पिणारच, आणि त्याच्या जिवावर बेतेल. थायरमचा तर विचारही मनात आणू नये. ते विष आहे.

पुतण्या एकदा घसरला. २०२० मध्ये कांद्याचे पैसे आले त्या दिवशी. पूर्वीचा मी असतो तर पुन्हा कुलूप शोधले असते. या वेळी दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मधुमेहवाल्याची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का?" त्यानंतर तो दर आठवड्याला तालुक्याच्या ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीला जातो. तिथे त्याच्यासारखीच माणसे असतात, कोणी कोणाला हसत नाही.

आजार म्हटले म्हणून सगळे माफ, असा याचा अर्थ नव्हे. बायको-मुलांवर हात टाकणे हा गुन्हाच आहे आणि तो सोसू नये. आजारी माणसाचेही एक कर्तव्य असते, उपचार घेण्याचे. पण ते त्याने पार पाडावे म्हणून घराने त्याला दवाखान्याची वाट दाखवली पाहिजे, खोलीची नव्हे.

म्हणून तुमच्या घरी कोणी सकाळी उठल्यावर पीत असेल, न घेता त्याचे हात थरथरत असतील, पूर्वी कधी आकडी आली असेल, तर त्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. कोंडू नका, बांधू नका, देवाच्या दारात नेऊन शपथेवर सोडू नका. पाजत राहा असेही मी म्हणत नाही. सरळ जिल्हा रुग्णालयात न्या, मानसोपचाराचे डॉक्टर तिथे भेटतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. केंद्र सरकारचा १४४४६ हा फोन फुकट आहे. आणि बंद केल्यावर आकडी आली, ताप चढला, माणूस भलतेच बोलू लागला, तर कांदा शोधू नका. गाडी शोधा.

गेल्या पोळ्याला मी वहिनींना म्हणालो, "कुलूप मी लावलं होतं. इतकी वर्षं हे मी तोंडानं बोललो नाही." त्या बैलांच्या शिंगांना बेगड लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, भावजी. मीच तर किल्ली पदराला बांधून बसले होते. आपल्याला कळत नव्हतं. आता कळलंय तर चार लोकांना सांगा."

म्हणून हे लिहिले.